कॅफिन पूरके आणि औषधे

गोळी, कॅप्सूल किंवा व्यायामाआधी पाण्यात ढवळून घ्यायची पूड या रूपांत मिळणारे कॅफिन. कोल्हापुरात ते तालमीच्या नव्हे, जिमच्या वाटेने आले. बोलण्यात मात्र अनेकदा तालमीतलेच नाव घेते : खुराक. कुंडीत घोटलेली बदाम-खसखशीची थंडाई, दूध, तूप यांच्याच रांगेत ही पूड जाऊन बसते. गोची तिथेच होते. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असे डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, ‘काय न्हाई.’ खुराक कोण औषधात धरतो?

शरीराला हा भेद कळत नाही. कॅफिनचे विघटन यकृतातल्या सीवायपी१ए२ या विकराकडून (एन्झाइमकडून) होते. निरोगी प्रौढाच्या रक्तातले कॅफिन निम्मे व्हायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ६ वाजता २०० मिलिग्रॅमचा स्कूप (पुडीचे एक माप) घेतला, तर रात्री ११ वाजता सुमारे १०० मिलिग्रॅम उरलेलेच असते. संततिनियमनाच्या गोळ्यांनी हा काळ जवळपास दुप्पट होतो. सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक त्याच विकराला अडवते आणि फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचे औषध तर कित्येक पटींनी जास्त. मग नेहमीच्याच मात्रेने छाती धडधडते, हात थरथरतात. विडी-सिगारेटचा धूर उलट हा विकर वाढवतो. त्यामुळे व्यसन सोडलेल्याला जुनाच स्कूप अचानक जड जातो.

दम्यावरचे थिओफायलिन कॅफिनच्याच कुळातले. दोन्ही एकत्र आली की मळमळ, धडधड आणि निद्रानाश वाढतात. लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेणाऱ्यांत धोका वेगळा आहे : कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर पडते, म्हणून कॅफिन एकाएकी बंद केले तर रक्तातले लिथियम चढते. सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन सोबत असेल, तर रक्तदाब वाढू शकतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते. ते हिशेबात धरावे. थायरॉइडच्या गोळीचे शोषण मात्र कॉफीमुळे घटते. तो दोष एकट्या कॅफिनवर ढकलता येत नाही.

निरोगी प्रौढासाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दिवसाला ४०० आणि गरोदरपणी २०० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा मानली आहे. रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, चिंताविकार किंवा आम्लपित्त असणाऱ्यांना हा आकडा लागू पडेलच असे नाही. सुटी शुद्ध पूड सर्वांत वाईट : एका चहाच्या चमच्यात सुमारे ३,२०० मिलिग्रॅम कॅफिन मावते आणि १,२०० मिलिग्रॅम झटपट पोटात गेले तरी झटके येऊ शकतात. घरातल्या चमच्याने ती मोजणे हा निव्वळ वेडेपणा.

ॲडेनोसिन हे औषध देऊन करायच्या हृदयतपासणीआधी १२ ते २४ तास कॅफिन वर्ज्य असते, कारण ते ॲडेनोसिनचीच जागा अडवते. चहा-कॉफी आठवणीने टाळलेला माणूस सकाळी जिम उरकून, खुराक घेऊन आला, तर त्याला पुढची तारीख घेऊन परतावे लागते.