गुलाबी झगा, चामड्याचं जाकीट: विडंबन कुठलं आणि पॅस्टिश कुठला?

म्युझिक व्हिडिओवरच्या प्रश्नाची उत्तरं तपासायला बसलं की एक वाक्य पुन्हापुन्हा भेटतं: ‘येथे दिग्दर्शकाने जुन्या चित्रपटाचे विडंबन केले आहे.’ जुन्या सिनेमाची आठवण यावी असं काहीही दिसलं की मुलं विडंबनाचा शिक्का मारून मोकळी होतात. बऱ्याचदा ते विडंबन नसतंच, पॅस्टिश असतो, म्हणजे टिंगल न करता उचललेली जुनी शैली. दोन्हींत नक्कल असते, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. पण कुठला शब्द वापरला यावर सगळं विश्लेषण फिरतं.

विडंबन आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १९२५च्या ‘झेंडूची फुले’मध्ये केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, रविकिरण मंडळाच्या कवींची कशी टर उडवली ते आपण शाळेपासून ऐकतो. वृत्त तेच, शब्दांचा थाट तोच, आत मात्र भलताच ऐवज. टोमणा कुणाला आहे हे लगेच कळतं. आता गणपतीतलं भजन घ्या, एखाद्या गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवरचं. त्या गाण्याची टिंगल करावी असं मंडळाच्या मनातही नसतं. चाल लोकांच्या ओठावर आहे म्हणून उचलली, इतकंच. पॅस्टिश म्हणजे नेमकं हेच असं मी म्हणणार नाही, पण स्वभाव बराचसा या भजनासारखा.

फ्रेडरिक जेमसन या अमेरिकी समीक्षकानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा फरक मांडला. त्याच्या मते पॅस्टिश म्हणजे कोरं विडंबन: मुखवटा तोच, पण त्यामागचं हसू गेलेलं. विडंबन करणाऱ्याच्या मनात ‘सरळ बोलणं असं असतं’ असा काहीतरी मापदंड असतो, म्हणून त्याला वाकडं बोलणाऱ्याला हसता येतं. मापदंडच उरला नाही की जुन्या शैली नुसत्या अंगावर चढवायच्या आणि उतरवायच्या, कपाटातल्या कपड्यांसारख्या.

उदाहरणादाखल आधी सोपी जोडी घेऊ. मायकल जॅक्सनचा ‘बॅड’ (१९८७) मार्टिन स्कॉर्सेसीनं दिग्दर्शित केला, ब्रुकलिनच्या एका भुयारी रेल्वे स्टेशनात. सुरुवात कृष्णधवल. जुना दोस्त नायकाला हिणवतो की तू कसला ‘बॅड’, तू काहीच नाहीस. आणि मग पडदा रंगीत होतो, बकलांनी मढवलेल्या काळ्या पोशाखात जॅक्सन टोळीसह नाचू लागतो. टोळीनं नाचत अंगावर येण्याची ही तऱ्हा ‘वेस्ट साइड स्टोरी’तून (१९६१) आलेली आहे. पण त्या सिनेमाला इथे कोणी हसत नाही. शैली आवडली, घेतली. हा पॅस्टिश.

पुढच्याच वर्षी गाजलेल्या गाण्यांची विडंबनं करणाऱ्या ‘विअर्ड अल’ यान्कोविकनं ‘फॅट’ आणलं. चाल तीच, जॅक्सनची परवानगीही होती. प्रसंगही तसाच, फक्त दोस्ताचा टोमणा बदलला: तू कसला ‘फॅट’! आणि रंग बदलण्याऐवजी अलचं अंगच फुगत जातं. जॅक्सनचा सगळा रुबाब ज्या सडपातळ, लवचिक शरीरावर उभा होता, तेच इथे काढून घेतलं. हे विडंबन. (आज पाहताना हसू जरा अडखळतं, कारण टोला जॅक्सनच्या रुबाबाला बसतो की जाड माणसांना, हे ठरवणं अवघड जातं. मला वाटतं, दोघांनाही.)

एक चाचणी मी वर्गात वापरतो: मूळ कृती माहीतच नाही असं समजा आणि व्हिडिओ पाहा. ‘वेस्ट साइड स्टोरी’ न पाहिलेल्याचं ‘बॅड’ बघताना फारसं काही अडत नाही. ‘बॅड’ न पाहिलेल्याला मात्र ‘फॅट’मधला अर्धा विनोद हुकतो. विडंबनाला मूळ कृती शेजारी उभी लागते, पॅस्टिशला ती मागे पुसट दिसली तरी चालते.

मॅडोनाच्या ‘मटीरियल गर्ल’ला (१९८५, दिग्दर्शन मेरी लँबर्ट) ही चाचणी लावली की गंमत येते. मूळ प्रसंग ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ (१९५३) या हॉवर्ड हॉक्सच्या सिनेमातला: मर्लिन मन्रो, विल्यम ट्रॅव्हिलानं केलेला गुलाबी सॅटिनचा झगा, पाठीमागे भलामोठा बो, लांब हातमोजे, लालभडक पार्श्वभूमी, भोवती रुबाबदार पोशाखातले पुरुष आणि हिऱ्यांचं गाणं. मॅडोनाच्या व्हिडिओत यातलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं येतं. तिच्या नाचण्यात मन्रोला चिमटा काढल्यासारखं काहीही नाही. मन्रो माहीत नसली तरी झगझगाट पोचतो. म्हणजे पॅस्टिश? थांबा.

कारण नाचाभोवती एक गोष्ट आहे. अभिनेता कीथ कॅराडाइन इथे चित्रपटसृष्टीतला एक बडा माणूस झालाय. तो अंधारात बसून याच नाचाचं चित्रीकरण पडद्यावर पाहतो आणि नायिकेच्या प्रेमात पडतो. महागडी भेट घेऊन तिच्या खोलीपाशी जातो, तर ती फोनवर कुणाला तरी सांगत असते की असल्या किमती भेटींनी आपण भुलणाऱ्यातल्या नाही. तो भेट टाकून देतो, गरीब असल्याचं सोंग घेतो आणि पुढच्या वेळी साधी डेझीची फुलं आणतो. गाणं म्हणतं पैसा हवा, गोष्ट म्हणते नको. म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविननं शब्द आणि दृश्य यांच्या नात्याचे जे प्रकार सांगितले, त्यातला हा विसंवाद.

विडंबनाची अभ्यासक लिंडा हचन हिच्या व्याख्येनं पाहिलं तर चित्र पालटतं. तिच्या मते विडंबन म्हणजे चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती; टिंगल असलीच पाहिजे असं नाही. इथे अंतर आहे: मन्रोचा नाच हा सेटवरचा देखावा ठरतो, नाचणारी बाई निराळी. उलट समीक्षक ई. अ‍ॅन कॅप्लननं म्युझिक व्हिडिओवरच्या १९८७च्या आपल्या पुस्तकात याच व्हिडिओबद्दल बोट ठेवलं ते त्याच्या धरसोडीवर: मन्रोच्या नाचाकडे तो नेमका कुठल्या भूमिकेतून बघतो हे पक्कं होतच नाही.

माझा कौल असा: नाच पॅस्टिश, चौकट विडंबनाकडे झुकलेली. उत्तरपत्रिकेत एकच शब्द लिहिलात तर अर्धेच गुण.

पण लोकांनी ही चौकट कधी पाहिलीच नाही म्हणा ना. वर्तमानपत्रांनी ‘मटीरियल गर्ल’ हेच मॅडोनाचं टोपणनाव करून टाकलं, जणू फोनवरचं ते बोलणं झालंच नाही. पुढेही पोस्टरवर, फॅन्सी ड्रेसमध्ये आणि फोटोशूटमध्ये फिरला तो गुलाबी झगाच. शेवटच्या दृश्यातला तो जुनाट ट्रक आणि बाहेरचा पाऊस आठवतोय असं म्हणणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.