तोतया पोलीस (इंदूर)

पोलीस किंवा तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याची बतावणी करून लुबाडणारा भामटा. एकटी राहणारी वयस्क माणसे हे त्याचे आवडते सावज. इंदुरात होळकरांच्या काळापासून वसलेल्या मराठी समाजात अशी घरे पुष्कळ. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर भागांतली मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला नाहीतर परदेशी गेली, आईवडील मागे राहिले. मध्य प्रदेशात मराठी भाषक भाषिक अल्पसंख्य आहेत, पण पोलीस ठाण्यात अडचण भाषेची नसते; इथले आजी-आजोबा हिंदी सफाईने बोलतात. अडते ते ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या संस्कारापाशी. भामट्याचे भांडवलही हीच धास्ती.

जुनी रीत रस्त्यावरची. देवदर्शनाला निघालेल्या बाईंना साध्या वेशातले दोघे अडवतात : ‘माताजी, आगे लूट हुई है, गहने उतार लीजिए.’ दागिने कागदात बांधून परत देतात. घरी पुडी सोडली की आत खडे.

नवी रीत फोनवरची, ‘डिजिटल अरेस्ट’. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळा पैसा फिरला, असे सांगून व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस आणि शिक्क्याचे वॉरंट दाखवतात. कॉल तोडायचा नाही, मुलांनाही कळवायचे नाही, ही पहिली अट. मग ‘पडताळणी’च्या नावाखाली मुदतठेवी मोडायला लावून पैसे वळते करून घेतात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

खरा कायदा उलट ज्येष्ठांना सांभाळून घेतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७९ नुसार साठीपुढचा पुरुष किंवा कोणत्याही वयाची स्त्री साक्षीदार असेल, तर तिला ठाण्यात येण्याची सक्ती नाही. पोलिसांनीच घरी जायचे. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठी उलटलेल्याला अटक करायची तर कलम ३५ नुसार किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. तोतयेगिरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे.

इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार मात्र आधी १९३० या देशव्यापी क्रमांकावर करावी. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. ‘मुलगा काय म्हणेल’ या संकोचात नेमके तेच निघून जातात.