गोळीच्या आधीची मिनिटं

२२ नोव्हेंबर २०१४. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या एका बागेतून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन गेला. इथे एक जण पिस्तूल घेऊन बसलाय, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर रोखतोय, अशी तक्रार होती. फोन करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: पिस्तूल बहुधा खोटं आहे आणि तो बहुधा अल्पवयीन आहे. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या संगणकात टाकल्याच नाहीत. त्यामुळे वायरलेसवरून गाडीतल्या दोन पोलिसांना कळलं ते एवढंच, की एक काळा पुरुष लोकांवर बंदूक रोखतोय.

पोलिसांची गाडी गवतावरून थेट त्याच्या पुढ्यात येऊन थांबली. अंतर दहा फुटांपेक्षा कमी. गाडीतून उतरलेल्या पोलिसाने दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली. तामिर राइस अवघ्या १२ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्याकडे होती ती एअरसॉफ्ट बंदूक, प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारी, खऱ्या कोल्ट पिस्तुलाची हुबेहूब नक्कल.

या घटनेवरची चर्चा लगेच एका गोष्टीवर येऊन थांबली: बंदुकीच्या तोंडाशी असणारं नारिंगी टोक निघालेलं होतं. अमेरिकेत १९८८च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीला असं टोक सक्तीचं केलंय. नळीच्या तोंडाशी भडक नारिंगी बूच, तेही तोंडापासून ६ मिलिमीटरपेक्षा आत नको. छर्ऱ्याच्या जुन्या धाटणीच्या एअरगनना यातून सूट आहे, ही पळवाट वेगळीच. पण मुद्दा असा, की पोलीस पोचले तेव्हा तामिरची बंदूक त्याच्या कमरेला खोचलेली होती. टोक जागच्या जागी असतं, तरी ते दिसणार कुठून? शिवाय खऱ्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी रंग फासायला कितीसा वेळ लागतो, हे तिथल्या प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. म्हणून टोक दिसलं तरी तो निर्धास्त होत नाही. २०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे अँडी लोपेझ नावाचा १३ वर्षांचा मुलगा एके-४७सारखी दिसणारी एअरसॉफ्ट बंदूक घेऊन चालला असताना मारला गेला. त्यानंतर त्या राज्याने अशा बंदुकांवर आणखी ठळक रंगीत खुणा सक्तीच्या केल्या. वाईट कायदा नाही. पण त्यामागे एक गृहीतक आहे: पोलीस आधी बघतो आणि मग ठरवतो. मेंदूचं काम या क्रमाने चालत नाही.

डोळ्यांतून येणारी माहिती अपुरी असते, थोडी उशिराही पोचते. मेंदू ती भरून काढतो अपेक्षेने. समोर काय असण्याची शक्यता आहे, याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो आणि नजरेला पडलेलं तो त्या अंदाजाशी ताडून बघतो. वेळ भरपूर असेल तर अंदाज चुकल्याचं लक्षात येतं. वेळ कमी असेल तर अंदाजच 'दिसतो'. आपल्याकडे दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवत पोरं गल्लीभर धावतात आणि कोपऱ्यावरचा हवालदार मानही वर करत नाही. त्याची नजर अमेरिकी पोलिसापेक्षा तेज असते असं नाही. पोराच्या हातात खरी बंदूक असेल, अशी अपेक्षाच त्याच्या मनात नसते. अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका असल्याचा २०१८चा अंदाज होता, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. तिथल्या पोलिसाचा मेंदू वेगळंच गणित मांडून बसलेला असतो.

पॉल टेलर हे स्वतः पोलिसात होते, नंतर संशोधनाकडे वळले. त्यांनी ३०६ पोलिसांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर प्रसंग उभा करून सराव घेणाऱ्या यंत्रावर, एकच प्रसंग दाखवला. एक माणूस झटकन काहीतरी बाहेर काढतो; ते काहीतरी म्हणजे मोबाइल फोन. फरक होता तो आधी वायरलेसवर काय सांगितलं यात. 'तो फोनवर बोलतोय असं वाटतं' असं ऐकलेल्यांपैकी ६ टक्के पोलिसांनी गोळी झाडली. जास्तीची काहीच माहिती न मिळालेल्यांपैकी २८ टक्क्यांनी. आणि 'त्याच्याकडे बंदूक दिसतेय' असं ऐकलेल्यांपैकी तब्बल ६२ टक्क्यांनी. दृश्य तेच, प्रशिक्षण तेच. कंट्रोल रूममधून आलेल्या एका वाक्याने चूक दहापट झाली. क्लीव्हलँडच्या संगणकात न गेलेल्या त्या दोन गोष्टींची किंमत या आकड्यांवरून कळते.

दुसरी अपेक्षा वायरलेसवरून येत नाही, ती समाजातूनच मुरलेली असते. मानसशास्त्रज्ञ कीथ पेन यांनी २००१मध्ये एक साधा प्रयोग केला. पडद्यावर क्षणभर एक चेहरा, गोरा किंवा काळा, आणि लगेच एक वस्तू, पिस्तूल किंवा पाना-पक्कड. उत्तर अर्ध्या सेकंदात द्यायचं. काळा चेहरा आधी दिसला की पान्याला पिस्तूल म्हणण्याच्या चुका वाढायच्या. पुढे २०१६मध्ये अशाच एका अभ्यासात अवघ्या पाच वर्षांच्या मुलांचे चेहरे वापरले गेले आणि वस्तूंमध्ये बंदूक आणि खेळणी होती. तरी कल तोच राहिला. पाच वर्षांचं पोर!

वयाचंही तसंच. फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या अभ्यासात गंभीर गुन्ह्यातल्या संशयित काळ्या मुलांचं वय लोकांनी खऱ्यापेक्षा सरासरी साडेचार वर्षांनी जास्त सांगितलं. तामिरला गोळी लागल्यावर वायरलेसवर गेलेला संदेश होता, 'काळा पुरुष, वय वीसच्या आसपास'.

या संशोधनाचं चित्र एकरंगी नाही, हेही सांगायला हवं. जोशुआ कोरेल यांनी डेन्व्हरच्या पोलिसांची चाचणी घेतली, तेव्हा निर्णयाला लागणाऱ्या वेळात वंशाचा फरक दिसला. पण गोळी झाडायची की नाही या अंतिम निर्णयात पोलीस सामान्य नागरिकांपेक्षा बरेच सरस ठरले. आणि खऱ्यासारख्या भासणाऱ्या सिम्युलेटरवरच्या काही प्रयोगांत तर पोलीस काळ्या संशयितांवर गोळी झाडायला जास्त वेळ घेताना दिसले. प्रयोगशाळेतली बटणं आणि रस्त्यावरची भीती यांत अंतर राहणारच.

त्या भीतीवर नेदरलँड्समध्ये काम झालं आहे. आर्ने न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी पोलिसांना अचानक समोर येणाऱ्या संशयितांपुढे उभं केलं; काहींच्या हातात बंदूक, काही शरण येणारे. एका फेरीत समोरून प्लॅस्टिकच्या गोळ्या खरोखर अंगावर यायच्या. या फेरीत पोलीस आधी गोळी झाडून मोकळे होण्याकडे झुकले आणि शरण येणाऱ्यांवर जास्त वेळा गोळ्या झाडल्या गेल्या.

भीती निराधार आहे असंही म्हणता येत नाही. टेक्सासमध्ये झालेल्या एका प्रयोगात बंदूक खाली धरलेल्या माणसाला ती वर करून झाडायला सरासरी ०.३८ सेकंद लागले. बंदूक आधीच रोखून उभ्या असलेल्या पोलिसाला उत्तर द्यायला ०.३९. म्हणजे दहा फुटांवर, आडोसा नसताना उभा असलेला पोलीस 'खात्री करून घेऊ' म्हणत थांबला आणि बंदूक खरी निघाली, तर खेळ संपला. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. दहा फुटांवर योग्य निर्णय घेण्याइतका वेळ कुणाच्याच मेंदूकडे नसतो. त्यामुळे दहा फुटांवर जायचं की नाही, हाच खरा निर्णय, आणि तो गाडीच्या स्टिअरिंगवर घेतला जातो. शंभर फुटांवर गाडी थांबवून, तिच्या आडून, लाउडस्पीकरवर हाक मारली असती, तर तोच पोलीस तोच पूर्वग्रह आणि तीच भीती घेऊन उभा राहिला असता. फक्त चूक दुरुस्त करायला मिनिटं मिळाली असती.

अंतर, आडोसा आणि वेळ या तीन गोष्टींवर आधारलेलं 'आयकॅट' नावाचं प्रशिक्षण अमेरिकेत २०१६पासून दिलं जातं. त्यातला बराच विचार स्कॉटलंडच्या पोलिसांकडून घेतलेला आहे, जिथे बहुतेक पोलीस बंदूक बाळगतच नाहीत. लुइव्हिल शहरात या प्रशिक्षणानंतर बळाचा वापर सुमारे २८ टक्क्यांनी घटला. पोलिसांना होणाऱ्या दुखापती वाढतील अशी धास्ती होती, त्या उलट ३६ टक्क्यांनी कमी झाल्या.

तामिरच्या प्रकरणात २०१५च्या डिसेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पोलिसांवर आरोप ठेवायला नकार दिला. पुढच्या वर्षी शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये घालून दिलेली कसोटी अशी, की घटनास्थळावरच्या समंजस पोलिसाच्या नजरेतून बळाचा वापर वाजवी होता का ते पाहायचं. तिथली काही न्यायालयं यासाठी फक्त गोळी झाडण्याचा क्षण पाहत असत. मे २०२५मध्ये 'बार्न्स विरुद्ध फेलिक्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की आधी घडलेलंही विचारात घ्यावं लागेल. पण पोलिसाने स्वतःच्या वागण्याने धोका ओढवून घेतला असेल तर त्याचा हिशोब कसा करायचा, हा प्रश्न त्या निकालात न्यायालयाने हाती घेतला नाही.