पाने करपणे (कुंडीतील झाडांची)

घरात वाढवलेल्या शोभेच्या झाडांच्या पानांचा शेंडा, कडा किंवा मधला भाग तपकिरी पडून वाळणे. हा स्वतंत्र रोग नसून अनेक कारणांचे एकच दृश्य लक्षण आहे. मरणाऱ्या पेशींतील फिनॉल संयुगांचे ऑक्सिडीकरण झाले की तपकिरी रंग येतो. कारण कोणतेही असो, रंग जवळपास तोच. त्यामुळे डाग पानावर कोठे आहे आणि पान जुने की कोवळे, यावरून निदान करावे लागते. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही.

शेंडे करपण्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. कोरड्या हवेला दोष देण्याची पद्धत जुनी आहे. ड्रॅसिना, कॉर्डिलाइन व स्पायडर प्लांट यांच्याबाबत मात्र फ्लोराइडचे कारण अधिक ग्राह्य वाटते. साधारण १९७० च्या दशकात फ्लॉरिडातील संशोधनातून त्याला बळ मिळाले. पाण्याबरोबर वर चढलेले फ्लोराइड बाष्पोत्सर्जनानंतर पानाच्या टोकाशी साचत जाते. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्यास त्यातील मुक्त क्लोरीन उडून जाते, फ्लोराइड तसेच राहते. सुपर फॉस्फेट खतातूनही ते मातीत येते. आम्ल मातीत ते झाडाला अधिक मिळते, म्हणून चुना घालून सामू (pH, आम्लतेचे माप) ६ ते ६.५ च्या आसपास ठेवतात. खतांच्या क्षारांनीही शेंडे जळतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर दिसल्यास हा संशय धरावा व भरपूर पाणी घालून क्षार तळातून निचरू द्यावेत. कॅलॅथिया व नेचे यांना मात्र नुसती कोरडी हवाही बाधते.

सर्वांत घातक गफलत पाण्याची. अतिपाण्याने मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात आणि ओल्या मातीतही झाड माना टाकते. ते तहानलेले समजून आणखी पाणी घातले जाते. अशा वेळी झाड कुंडीतून काढून मूळ चिमटीत धरून ओढावे. साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर मूळ कुजले आहे. निरोगी मूळ पांढरट व टणक असते.

डागाभोवती पिवळे वलय असल्यास बुरशी किंवा जिवाणू, शिरांनी अडवलेले कोनदार पाणथळ डाग असल्यास बहुधा जिवाणू. उन्हाचा चट्टा खिडकीकडच्या बाजूला, आधी फिकट पडून उमटतो. जुन्या पानांच्याच कडा करपत असतील तर पालाशाची (पोटॅशियमची) कमतरता संभवते. बाकी झाड टवटवीत असून तळाचे एखादेच पान वाळले, तर ते वयोमानाने होते.