मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर आणि प्रवासवेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातले कमीत कमी हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर (साधारण ६,७७० सागरी मैल) भरते. थेट विमानाला जायला १६ तासांच्या आसपास लागतात, यायला १४ च्या आसपास.

भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. ही रेघ फसवी आहे. पृथ्वीगोलावर मुंबईला दोऱ्याचे एक टोक धरा, दुसरे न्यूयॉर्कला, आणि दोरा ताणा. तो आपसूक उत्तरेकडे सरकतो: अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, व्होल्गेचा प्रदेश, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, स्वीडन, थेट आइसलँडमधल्या रेक्याविकच्या डोक्यावर, मग ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि लॅब्राडोर. याला बृहद्वृत्त मार्ग म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर मुलांना हे एकदा करून दाखवावेच. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा दोरा लवकर पटतो.

वैमानिक मात्र नेहमी दोऱ्यावरून जात नाही. हवाई हद्दी बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून उडता येत नाही. वळसा पडला की अंतर वाढते, इंधनही.

त्याहून मोठा हिशेब वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमान हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जाते. वारा अजिबात नसता तर हे अंतर १४ तासांत कापले गेले असते. जाताना वारा समोरून येतो, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात तो अधिक जोरकस असल्याने तफावतही वाढते. शिवाय वेळापत्रकातल्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर दारापाशी लागणे हेही धरलेले असते.

एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान १९६० साली न्यूयॉर्कला जाऊ लागले ते लंडनमार्गे. थेट सेवेसाठी त्या कंपनीला २००७ पर्यंत, बोइंग ७७७-२००एलआर येईपर्यंत, थांबावे लागले.

घड्याळाचा घोळ वेगळाच. न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यात मुंबईहून पहाटे २ ला निघालेले विमान १६ तासांनी उतरते, तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. उलट तिकडून दुपारी १२ ला निघून १४ तासांनी इथे पोचावे, तर दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा! लेकीला आणायला सहारच्या विमानतळावर निघण्यापूर्वी तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी छापलेले बारीक ‘+१’ जरूर पाहावे.