शाळेचा ठराव आणि गावाचा पैसा

2023 च्या 2 ऑक्टोबरला आमच्या गावात ग्रामसभा बोलावली होती. गाव तासगाव तालुक्यातलं, शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला शाळेच्या दोन वर्गखोल्यांच्या छपराचं काम होतं. त्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गात तीन ठिकाणी बादल्या मांडलेल्या असायच्या आणि बाई मुलांना भिंतीकडेला सरकवून बसवायच्या. सभेच्या वहीत सह्या झाल्या सदतीस. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी ऐन भरात होती. बागायतदार बागेत, छाटणीच्या टोळ्या बागेत, बायका काड्यांना पेस्ट लावायला बागेत. कोरम भरला नाही आणि सभा तहकूब झाली.

पांगता पांगता एक आजोबा म्हणाले, "शाळंला पैसा सरकार देतंय की. आपण कशापायी हात वर करायचा?" प्रश्न मनापासूनचा होता. शाळा व्यवस्थापन समितीवर असूनही मला तेव्हा त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत मी ते शोधलं. त्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागलं.

सरकार शाळेला पैसा देतं, पण तो सुरुवातीला आला कुठून? 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. हा लोकल फंड. 1869 च्या कायद्यानं त्याला पक्कं रूप मिळालं. त्यातला साधारण दोन तृतीयांश पैसा रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना आणि एक तृतीयांश शाळांना, अशी वाटणी होती. म्हणजे इलाख्यातल्या खेड्यांत ज्या सरकारी मराठी शाळा उभ्या राहिल्या, त्यांत तिथल्याच कुणब्याच्या साऱ्यातला आणा होता. आजही झेडपीत 'सेसमधून काम झालं' असं म्हणतात. शेतसाऱ्यावरच्या या उपकराची परंपरा तिथवर जाते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

आणा रयतेचा असला तरी तो कुणाच्या शिक्षणावर खर्च व्हायचा, हा प्रश्न सगळ्यात ठामपणे विचारला महात्मा फुल्यांनी. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, खंडाळा तालुक्यातलं. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी मांडलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. पैसा देणारा एक आणि ठरवणारा दुसरा, ही तक्रार त्यांनी तेव्हा नोंदवून ठेवली. आमच्या ग्रामसभेचं मूळ मला त्या निवेदनात दिसतं.

ठरवण्याचा हक्क मात्र फार सावकाश आला. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याबद्दलच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 मध्ये लोकल बोर्डांचा, म्हणजे जिल्ह्या-तालुक्याच्या स्थानिक मंडळांचा, कायदा झाला, पण मतदार होते मालमत्तावाले मोजके लोक. बायका नव्हत्या, भूमिहीन नव्हते. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ब्रिटिश मुलखात 1923 च्या कायद्यानं प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या ताब्यात दिल्या आणि स्कूल बोर्ड आले. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही झेडपीच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणतात, ते त्यावरून.

साताऱ्या-सांगलीच्या माणसाला शाळेसाठी एकत्र यायला खरं शिकवलं ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी, आणि इथं जरा थांबायला हवं. त्यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कुंभोजचा. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं. किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं लागतं, त्याचं घर बघावं लागतं. त्या फिरतीत त्यांना दिसलं ते शाळेविना वाढणारं पोर. 4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह तिथं उभं राहिलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

हे वसतिगृह चाललं कशावर? मुष्टिफंडावर. घरातली बाई दळायला किंवा शिजवायला धान्य काढताना एक मूठ बाजूला टाकायची आणि साठलेलं धान्य मुलांच्या भाकरीला जायचं. जिच्याकडे द्यायला रुपया नव्हता, तिच्याकडे मूठ होती. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट आमच्या भागात घराघरांत सांगितली जाते. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की वर्गणी देणाऱ्या त्या मुठीमुळं शाळा 'आपली' झाली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य त्या धान्यातून आलेलं आहे.

त्याच काळात औंध संस्थानात निराळा प्रयोग चालला होता. 1939 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना जाहीर केली आणि कारभाराचा पाया गावपंचायत ठरवला. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी तेव्हा औंधातच होती. पुढं 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं, म्हणजे ब्रिटिशांना समांतर चालवलेल्या सरकारनं, गावोगाव समित्या बसवल्या, न्यायनिवाडे केले. गावातल्या बैठकीत बसून गावानं ठरवायचं, ही सवय या मातीला कायद्याच्या आधी लागलेली आहे.

स्वातंत्र्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. 1949 मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. 1958 मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा आला. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा गावात, मालकी जिल्ह्याला, पगार राज्याचा, अशी रचना पक्की झाली. या रचनेनं गुरुजींना वेळेवर पगार दिला, हे मोठंच काम झालं. पण गावाचा शाळेशी संबंध हळूहळू पंधरा ऑगस्टच्या खाऊपुरता उरला. आजोबांचा प्रश्न तिथून येतो.

शाळेला लागेल ते वर्गणीतून उभं करायचं, ही रीत मात्र टिकली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या भागातली शेकडो घरं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जत्रेला ही मंडळी गावी येतात आणि कुणी संगणक देतं, कुणी फरशी, कुणी रंगकाम. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या एका विभागातल्या, शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतील असे, वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. तिथंही शिक्षकांच्या जोडीला गावकरी उभे होते. या वर्गणीबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वर्गणी देणाऱ्याच्या मनावर असते. त्यातून टीव्ही लवकर येतो, कारण त्यावर नाव लिहिता येतं. गळक्या पत्र्यावर नाव कुठं लिहिणार?

इथं कायद्यानं दिलेला दुसरा रस्ता उपयोगी पडतो. 73 वी घटनादुरुस्ती एप्रिल 1993 मध्ये लागू झाली. पंचायतींकडे देता येतील अशा 29 विषयांच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून आला, त्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं कायद्यानं ठरलेलं काम आहे. आणि 2015 पासून, केंद्राच्या पैशाची वाटणी सुचवणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगापासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या हिशेबात यायला लागला. 'आमचं गाव, आमचा विकास' हा आराखडा त्याच वर्षी राज्यात सुरू झाला. तो मंजूर करते ग्रामसभा.

पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी या निधीचे दोन भाग केले. 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. 40 टक्के अबंधित, म्हणजे पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेप्रमाणे. शाळेसाठी मागणी करणाऱ्यानं त्या-त्या काळातली वाटणी तोंडपाठ करावी. स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा यांची मागणी तेव्हा बंधित बाजूला मांडता येत होती. छप्पर, फरशी, कुंपण अबंधितमध्ये. आमची चूक अशी झाली होती, की आम्ही सगळं एकाच अर्जात लिहिलं होतं. शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान 31 ते 100 पटाला 25 हजार रुपये आहे. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ डागडुजी भागते, छप्पर भागत नाही. म्हणून अबंधितच्या 40 टक्क्यांतून शाळेचा वाटा मागायचा. तिथं रांगेत गटार असतं, दिवाबत्ती असते, स्मशानभूमीचा रस्ता असतो. त्यांच्या मागंही गरज असलेली माणसंच असतात.

आम्ही पुन्हा कामाला लागलो ते हे सगळं समजून घेऊन. तहकूब सभेला कोरमची अट नसते आणि आधीच्या विषयपत्रिकेवरचेच विषय तिथं चालतात. आमचा विषय त्यात होता, हे नशीब. पण कोरम नको म्हणून माणसं नकोत असं कुणालाच वाटलं नाही. दहा-बारा माणसांनी केलेला ठराव पुढं कुणीही बाजूला सारतं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेत मांडाव्या लागतात, ही तरतूद कागदावर पडून होती. चौथीच्या वर्गातल्या पाच आया संध्याकाळी बागेतून आल्यावर घरोघर फिरल्या. भाषण नाही, पत्रक नाही. शाळेतली एक बादली सोबत नेली. तिच्या तळाला गंजाचं तांबडं कडं उमटलं होतं, पत्र्यावरून गळलेल्या पाण्याचं. ती उंबऱ्यावर ठेवायची आणि सांगायचं, "वहिनी, ही तुमच्या लेकराच्या बाकड्याजवळ असती. गुरुवारी सातला या." वेळ संध्याकाळी सातची ठेवली, ही सूचनाही त्यांचीच. सकाळी अकराला बागेतला माणूस येत नसतो, हे आम्हा पुरुषांना कळायला एक सभा वाया जावी लागली.

महिला सभेला चावडीत जागा पुरली नाही, म्हणून ती शाळेच्या व्हरांड्यात झाली. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. खालच्या गल्लीतल्या एका भावानं विचारलं, "आमच्या दारात गटाराचं पाणी तुंबतंय, लेकरं त्यातनंच शाळंला येत्यात. त्याचं काय?" त्याचं म्हणणं खरं होतं. अर्धा तास बोलणं झालं. गटाराचं काम स्वच्छतेच्या बंधित निधीत बसवता येतं का, हे ग्रामसेवकांनी तिथंच बघितलं. बसत होतं. शाळेच्या दोन खोल्यांऐवजी त्या वर्षी एक खोली अबंधितमधून आणि दुसरी पुढच्या आराखड्यात, असं ठरलं. हात वर झाले. खालच्या गल्लीचेही झाले.

ठराव लिहून झाल्यावर ग्रामसेवकांनी विचारलं, "सूचक कोण?" पाच आयांपैकी एक उठली. ती याच शाळेत शिकलेली, त्याच चौथीच्या खोलीत. इतिवृत्तात तिचं नाव लिहिताना त्यांनी आधी नवऱ्याचं नाव विचारलं. ती म्हणाली, "माझं लिवा, पयलं माझं." अनुमोदक म्हणून मागून आवाज आला तो त्याच आजोबांचा.

पहिल्या खोलीवर नवं छप्पर पुढच्या पावसाळ्याआधी चढलं. दुसऱ्या खोलीत त्या पावसाळ्यातही एक बादली होती.