श्रीलंका पुरुष क्रिकेट संघ

श्रीलंका पुरुष क्रिकेट संघ : आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये श्रीलंकेचे प्रतिनिधित्व करणारा संघ. जुलै १९८१ मध्ये त्याला कसोटी दर्जा मिळाला आणि त्यानंतर पंधरा वर्षे पुरी होण्याच्या आत, मार्च १९९६ मध्ये, त्याने विश्वचषक जिंकला. एवढ्या लहान देशाने इतक्या कमी काळात ही मजल कशी मारली, हे समजून घ्यायचे तर तेथील शाळांकडे पाहावे लागते.

ब्रिटिश अमलातील सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) १८३२ साली कोलंबो क्रिकेट क्लबची स्थापना झाली. पण खेळ खऱ्या अर्थाने रुजला तो शाळांच्या मैदानांवर. कोलंबोतील रॉयल कॉलेज आणि सेंट थॉमस कॉलेज यांच्यातील वार्षिक सामना १८७९ पासूनचा मानला जातो व आजही तो सणासारखा साजरा होतो. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे संघ बोटीने ये-जा करताना कोलंबो बंदरात उतरून एक दिवसाचा सामना खेळत. ब्रॅडमनचा खेळ सिलोनवासीयांनी असाच पाहिला. १९६५ मध्ये सिलोनला आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचे (आयसीसी) सहसदस्यत्व मिळाले. १९७५ च्या विश्वचषकात ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या जेफ थॉमसनचे चेंडू लागून दुलीप मेंडिस व सुनील वेट्टीमुनी यांना रुग्णालयात न्यावे लागले, तरीही ३२९ धावांच्या लक्ष्यासमोर या संघाने ४ बाद २७६ पर्यंत मजल मारली. १९७९ च्या विश्वचषकात त्याने भारताला ४७ धावांनी हरवले. विश्वचषकात कसोटी दर्जा असलेल्या संघावर सहसदस्य संघाने मिळवलेला तो पहिला विजय होता.

पहिली कसोटी फेब्रुवारी १९८२ मध्ये कोलंबोच्या सरवणमुत्तू मैदानावर बंदुला वर्णपुराच्या नेतृत्वाखाली इंग्लंडविरुद्ध झाली. तीत इंग्लंडने श्रीलंकेचा सात गडी राखून पराभव केला. मात्र शाळेत शिकणाऱ्या अर्जुन रणतुंगाने अर्धशतक काढले. पहिला कसोटी विजय १९८५ मध्ये याच मैदानावर भारताविरुद्ध १४९ धावांनी मिळाला. पुढे सिंहली-तमिळ संघर्षातून पेटलेल्या यादवी युद्धाने खेळालाही ग्रासले. १९८७ मध्ये कोलंबोतील बॉम्बस्फोटानंतर न्यूझीलंडचा संघ दौरा अर्धवट सोडून परतला आणि त्यानंतर १९९२ पर्यंत देशात एकही कसोटी झाली नाही. उमेदीची पाच वर्षे घरच्या प्रेक्षकांपुढे कसोटी खेळता न येणे ही या पिढीची फार मोठी हानी होती.

१९९६ च्या विश्वचषकाचे सहयजमानपद श्रीलंकेकडे होते. स्पर्धेच्या तोंडावर, जानेवारीअखेरीस, कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर भीषण हल्ला झाला आणि ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांनी तेथे खेळण्यास नकार दिला. तेव्हा भारत आणि पाकिस्तानच्या खेळाडूंचा संयुक्त संघ कोलंबोत जाऊन श्रीलंकेशी मैत्रीचा सामना खेळला. उपखंडाच्या क्रिकेट-इतिहासात याहून उमदा प्रसंग क्वचितच सापडेल. रणतुंगा कर्णधार आणि डेव्ह व्हॉटमोर प्रशिक्षक असलेल्या या संघाने क्षेत्ररक्षणाच्या निर्बंधांची (सीमारेषेकडे मोजकेच क्षेत्ररक्षक ठेवता येण्याची) पहिली पंधरा षटके प्रहारासाठी वापरली. ही कल्पना अगदी नवी नव्हती, परंतु सनथ जयसूर्या व रोमेश कालुवितरणा या सलामीच्या जोडीने तिला जे सातत्य दिले त्यामुळे एकदिवसीय डावाची रचनाच बदलली. दिल्लीत भारताविरुद्ध पहिल्या तीन षटकांतच ४२ धावा फलकावर लागल्या होत्या. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात मात्र दोघेही पहिल्याच षटकात बाद झाले आणि अरविंद डिसिल्व्हाने ४७ चेंडूंत ६६ धावा करून डाव सावरला. लाहोरच्या अंतिम सामन्यात रणतुंगाने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. तोवरचे पाचही अंतिम सामने प्रथम फलंदाजी करणाऱ्यांनी जिंकलेले असताना हा निर्णय धाडसाचा होता. डिसिल्व्हाने तीन बळी, दोन झेल आणि नाबाद १०७ धावा अशी कामगिरी केली व ऑस्ट्रेलियाचा सात गडी राखून पराभव झाला.

कँडीचा तमिळ भाषक फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरन हा या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू होय. जन्मतः वाकलेल्या कोपरामुळे तो चेंडू टाकत नसून फेकतो, असा आक्षेप येऊन त्याची शैली वादग्रस्त ठरली. १९९५ मध्ये मेलबर्न कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी त्याचे सात चेंडू नो-बॉल ठरवले. १९९९ मध्ये ॲडलेडला हाच प्रकार घडताच रणतुंगाने संघ सीमारेषेपर्यंत नेला. नंतर सामना पुढे सुरू झाला आणि श्रीलंकेने तो जिंकला. यादवी युद्धाच्या काळात सिंहली कर्णधाराने आपल्या तमिळ सहकाऱ्यामागे असे उभे राहणे यास क्रिकेटपलीकडचे मोल आहे. २०१० मध्ये गॉलला भारताविरुद्ध आपल्या शेवटच्या चेंडूवर मुरलीधरनने ८०० वा कसोटी बळी घेतला.

फलंदाजीतील विक्रमही तितकेच अचाट आहेत. १९९७ मध्ये कोलंबोत भारताविरुद्ध ६ बाद ९५२ ही कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या उभारली गेली. तीत जयसूर्याच्या ३४० धावा होत्या. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध महेला जयवर्धने (३७४) व कुमार संगकारा (२८७) यांनी ६२४ धावांची भागीदारी केली.

मार्च २००९ मध्ये लाहोरला संघाच्या बसवर दहशतवादी हल्ला झाला. पाकिस्तानी पोलिसांचे प्राण गेले आणि तिलन समरवीरासह अनेक खेळाडू जखमी झाले. त्यानंतर दहा वर्षे पाकिस्तानात कसोटी झाली नाही, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पाहुणा संघ श्रीलंकेचाच होता.

विश्वचषकाच्या २००७ व २०११ च्या अंतिम सामन्यांत श्रीलंका पराभूत झाली. दुसरा सामना मुंबईच्या वानखेडे मैदानावर झाला; जयवर्धनेचे नाबाद शतक त्यात वाया गेले. २०१४ मध्ये मीरपूरला भारताला हरवून तिने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला. संगकारा व जयवर्धने निवृत्त झाल्यावर मात्र उतरण लागली, तरी २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कसोटी मालिका जिंकणारा पहिला आशियाई संघ हाच ठरला. त्या मालिकेत डर्बनला कुसल परेराने नाबाद १५३ धावा करून, शेवटच्या जोडीसाठी ७८ धावांची अभेद्य भागी रचत सामना खेचून आणला. २०२२ मध्ये देश आर्थिक संकटात असताना संघाने सहाव्यांदा आशिया चषक जिंकला. पुढच्याच वर्षी वानखेडेवर भारताने त्याला ५५ धावांत गुंडाळले. ऑगस्ट २०२४ मध्ये जयसूर्या प्रशिक्षक असताना या संघाने भारताविरुद्धची एकदिवसीय मालिका २-० अशी जिंकली. असा मालिकाविजय त्याला यापूर्वी १९९७ मध्ये मिळाला होता.